घरचं मैदान फुएनलाब्राडा : पार्तिझान बेलग्रेड, १९९१-९२

युरोपातल्या क्लब बास्केटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत १९९१-९२ साली युगोस्लाव्हियाचे तीन संघ उतरले होते. सर्बियातल्या बेलग्रेडचा पार्तिझान, आणि क्रोएशियातले दोन : झाग्रेबचा त्सिबोना आणि स्प्लिटचा गतविजेता संघ. तिघांनाही जागतिक बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे 'फिबा'ने, एकच अट घातली : घरचे सामने घरी खेळायचे नाहीत. देशात युद्ध पेटलं होतं, पाहुण्या संघांच्या जिवाची हमी घ्यायला कुणी तयार नव्हतं. तिघांनीही स्पेन गाठलं. त्सिबोना दक्षिणेला कादिसजवळच्या पुएर्तो रेआलमध्ये गेला, स्प्लिट वायव्य टोकाच्या ला कोरुन्याला आणि पार्तिझान माद्रिदच्या वेशीवरच्या फुएनलाब्राडाला. हंगाम संपला तेव्हा पार्तिझान युरोपचा विजेता होता. त्सिबोना शेवटच्या आठांत येऊन थांबला होता. आणि आधीची सलग तीन वर्षं हाच करंडक उचललेला स्प्लिट साखळी सामन्यांतच गारद झाला होता.

अट एक आणि निकाल तीन, म्हणून हे प्रकरण अभ्यासाला घेण्यासारखं आहे. बाल्कनमध्ये आणि बाहेरही ही गोष्ट बहुतेक वेळा 'बेघर पोरांनी युरोप जिंकला' अशा थाटात सांगितली जाते. ऐकायला छान वाटतं. पण त्यातून काहीच उलगडत नाही, कारण बेघर तिघेही होते. मला या हंगामात वेगळीच गोष्ट दिसते : मैदान गेल्यामुळे संघाचं जे नुकसान होतं ते भरून काढता येतं, माणसं गेल्यामुळे होणारं येत नाही. पार्तिझानच्या बाबतीत तर या म्हणण्याची दोन्ही बाजूंनी परीक्षा झाली. एका हंगामात माणसं होती आणि मैदान नव्हतं. पुढच्याच हंगामात मैदान परत मिळालं आणि माणसं निघून गेली.

आधी काय होतं

युगोस्लाव्ह क्लबांचा युरोपातला दबदबा कसा होता, ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. युरोपियन चॅम्पियन्स कप पहिल्यांदा या देशात आणला तो सारायेवोच्या बोस्नाने, १९७९ साली ग्रनोब्लला. अंतिम सामन्यात इटलीच्या वारेझेविरुद्ध झार्को वाराइचने एकट्याने ४५ गुण केले होते. मग १९८५ आणि १९८६ साली त्सिबोना, म्हणजे द्राझेन पेत्रोविचचा त्सिबोना. नंतर १९८९, १९९० आणि १९९१ अशी सलग तीन वर्षं स्प्लिट. शिकागो बुल्सचे नव्वदच्या दशकातले सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना टोनी कुकोच हे नाव सांगायला नको. तो या स्प्लिटचा. दिनो राजा आणि झोरान सावीच हेही तिथलेच. या क्लबचं नाव प्रायोजकाप्रमाणे बदलत राहिलं : आधी प्लास्टिकच्या कारखान्यावरून युगोप्लास्तिका, मग कपड्यांच्या ब्रँडवरून पॉप ८४, आणि आपल्या प्रकरणाच्या वर्षी गावातल्या दैनिकावरून स्लोबोद्ना दाल्मात्सिया. तीन नावांखाली खेळणारा क्लब एकच, हे लक्षात ठेवलं की जुन्या निकालांच्या तक्त्यात गोंधळ उडत नाही.

या यशामागे पैसा नव्हता. माद्रिद, बार्सिलोना, मिलान यांच्या तिजोरीशी बेलग्रेड किंवा स्प्लिटची बरोबरी कधीच नव्हती. होती ती शिकवण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर बेलग्रेडमध्ये चार माणसांनी या खेळाची घडी बसवली : नेबोयशा पोपोविच, बोरिस्लाव स्तान्कोविच, रादोमिर शापेर आणि अलेक्सांदार निकोलिच. यातल्या निकोलिचना सगळे 'प्राध्यापक' म्हणत. इटलीत जाऊन त्यांनी वारेझेला १९७०, १९७२ आणि १९७३ साली युरोपचा विजेता केलं, आणि १९७८ला मनिलात युगोस्लाव्हियाला विश्वविजेतं केलं. उंच पोराला लहानपणी गार्डसारखं, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूसारखं, चेंडू हाताळायला लावायचं, कोवळ्या वयात मोठ्यांच्या सामन्यात उतरवायचं आणि पायांच्या हालचाली अंगात मुरेपर्यंत घोटून घ्यायच्या, ही त्या शाळेची रीत. शिवाय तरुण खेळाडूला देशाबाहेर जायला बंधनं होती, त्यामुळे तयार झालेला मुलगा काही वर्षं तरी क्लबच्या हाताशी राहायचा.

ऐंशीचं दशक सरताना ही बंधनं सैल झाली आणि गळती लागली. पेत्रोविच १९८८ला रेआल माद्रिदला गेला. व्लादे दिवाच आणि झार्को पास्पाल्य हे पार्तिझानचे दोघे १९८९ला अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये पोचले. राजा १९९०ला रोमला गेला. १९९१च्या उन्हाळ्यात कुकोच इटलीतल्या त्रेव्हिझोला आणि सावीच बार्सिलोनाला. स्प्लिटचा कोच बोझिदार माल्कोविच तर त्याआधीच बार्सिलोनाने नेला होता, आणि १९९१च्या अंतिम सामन्यात त्याच्या बार्सिलोनाला त्याच्याच जुन्या स्प्लिटने पॅरिसमध्ये ७०-६५ हरवलं होतं.

त्याच जूनमध्ये राष्ट्रीय संघ रोममध्ये युरोपियन स्पर्धा खेळत होता. २५ जून १९९१ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. संघातला स्लोव्हेनियन गार्ड युरे झ्दोव्त्स याला त्याच्या सरकारचा निरोप आला आणि स्पर्धा अर्धवट टाकून तो निघाला. बाकीच्यांनी सुवर्णपदक जिंकलं. त्या देशाच्या नावाने, सगळ्या प्रजासत्ताकांची मुलं एकत्र घेऊन खेळलेली ती शेवटची मोठी स्पर्धा. झ्दोव्त्स आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

अट आणि तिची किंमत

'फिबा'चे सरचिटणीस तेव्हा बोरिस्लाव स्तान्कोविच होते, म्हणजे वर सांगितलेल्या चौघांपैकीच एक. आपल्याच शाळेतल्या क्लबांना घराबाहेर काढण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत व्हावा, याला काय म्हणायचं? पण दुसरा मार्ग नव्हता, आणि बास्केटबॉल त्यात एकटाही नव्हता. फुटबॉलमधला युरोपचा विजेता, बेलग्रेडचा रेड स्टार, त्याच हंगामात आपले 'घरचे' सामने हंगेरी आणि बल्गेरियात खेळत होता.

बास्केटबॉलमध्ये घरचं मैदान म्हणजे काय, हे बेलग्रेडचा पिओनिर हॉल ज्याने पाहिलाय त्याला विचारावं. हॉल लहान, छत खाली, प्रेक्षक अगदी रेषेपर्यंत. तिथे पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की स्वतःचा विचारही त्याला ऐकू येत नाही. साखळीत प्रत्येक गटात आठ संघ होते, म्हणजे चौदा सामने, सात घरी आणि सात बाहेर. अटीमुळे पार्तिझानचे सातच्या सात 'घरचे' सामने दोन-अडीच हजार किलोमीटरवर गेले. वरून प्रवास. बेलग्रेडमध्ये देशांतर्गत लीगचा सामना खेळायचा, मग स्पेनला जायचं, परत यायचं, पुन्हा इटली किंवा ग्रीस. पंचविशीच्या आतल्या पोरांचा संघ नसता तर हा खटाटोप पायांना झेपला नसता, असं मला वाटतं.

गटवारीने या अडचणीत भर घातली. पार्तिझानच्या गटात दोन स्पॅनिश संघ होते : बादालोनाचा जोव्हेन्तुत आणि माद्रिदचा एस्तुदियान्तेस. फुएनलाब्राडा माद्रिदपासून वीसेक किलोमीटरवर. म्हणजे एस्तुदियान्तेसविरुद्धचा पार्तिझानचा 'घरचा' सामना कागदावर बेलग्रेडचा आणि प्रत्यक्षात एस्तुदियान्तेसच्या अंगणात! कागद पाहणाऱ्या कुणीही इथे पार्तिझानला धरलं नसतं.

झालं भलतंच. फुएनलाब्राडा हे माद्रिदच्या दक्षिणेचं कामगारवस्तीचं शहर. मोठ्या शहराच्या सावलीत वाढलेलं, लोकसंख्या झपाट्याने फुगलेली, पण वरच्या दर्जाचा बास्केटबॉल संघ नाही. त्यांचा स्वतःचा क्लब स्पेनच्या अव्वल लीगमध्ये पोचायला १९९६ साल उजाडावं लागलं. हॉल मात्र नवाकोरा होता. १९८९च्या डिसेंबरमध्ये मोटार अपघातात गेलेल्या फेर्नांदो मार्तीनचं नाव त्याला दिलेलं. मार्तीन हा एनबीएत खेळलेला पहिला स्पॅनिश खेळाडू. अशा गावात अचानक युरोपातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेचे सामने येऊन पडले, तेही एका अशा संघाचे ज्याला स्वतःचं म्हणावं असं कुणी तिथे नव्हतं. गावाने संघ आपला करून टाकला. 'पार्तिझान दे फुएनलाब्राडा' असं नावच पडलं. पाहुणा संघ स्पॅनिश असला तरी हॉलमधली बहुतेक मंडळी काळ्या-पांढऱ्या जर्सीतल्या बेलग्रेडकरांच्याच बाजूने ओरडायची.

या गोष्टीकडे नुसतं हृदयस्पर्शी म्हणून पाहण्यापेक्षा मी तिच्याकडे हिशेबाने पाहतो. अटीने पार्तिझानकडून दोन गोष्टी काढून घेतल्या होत्या : ओळखीची जमीन आणि आवाज. नव्या जमिनीची सात सामन्यांत सवय होते. आवाज कुठून आणायचा हा खरा प्रश्न होता, आणि तो फुएनलाब्राडाने परस्पर सोडवला. पिओनिरच्या तोडीचा नसेल, पण नुसत्या तटस्थ मैदानापेक्षा कितीतरी बरा. पार्तिझानने गटात चौथा क्रमांक मिळवला. बाद फेरीत जाणारे चारच होते. काठावर पास, असंच म्हणायला हवं.

आणखी एक बाब अनेकदा नजरेतून सुटते. जुन्या नियमाप्रमाणे पार्तिझान या स्पर्धेत आलाच नसता. १९९१ला देशाचा विजेता स्प्लिट होता, पार्तिझान उपविजेता. चॅम्पियन्स कपचं दार फक्त विजेत्यांना उघडं असे. १९९१-९२पासून स्पर्धेचा विस्तार झाला, मोठ्या बास्केटबॉल-देशांना एकाहून जास्त संघ पाठवायची मुभा मिळाली, आणि त्याच पहिल्या वर्षी पार्तिझान आत शिरला. हा बदल एक वर्ष उशिरा झाला असता तर हे प्रकरण लिहायचं कारणच उरलं नसतं.

३१ वर्षांचा कोच

१९९१च्या उन्हाळ्यात पार्तिझानच्या कारभाराची सूत्रं द्रागान किचानोविचकडे होती. हा स्वतः त्या देशाच्या सर्वोत्तम गार्डांपैकी एक, १९७८च्या विश्वविजेत्या संघातला आणि निकोलिचांचा शिष्य. त्याने कोच म्हणून निवड केली झेल्को ओब्रादोविचची. ओब्रादोविच तेव्हा पार्तिझानचा खेळाडू होता, ३१ वर्षांचा, आणि रोमच्या स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघाच्या तयारीत सामील होता. आदल्या वर्षी तो विश्वविजेत्या संघात होता. तो तयारी सोडून आला, खेळणं थांबवलं आणि थेट कोच झाला. कोचिंगचा अनुभव शून्य. ज्यांना तो कालपर्यंत पास देत होता त्यांनाच आता तो ओरडणार होता.

किचानोविचने एक शहाणपणा केला. नवख्या कोचच्या शेजारी त्याने प्राध्यापक निकोलिचना सल्लागार म्हणून बसवलं. ओब्रादोविचने आपल्या घडणीचं श्रेय पुढे नेहमी त्यांना दिलं. कच्चा कोच आणि पिकला गुरू ही जोडी त्या क्लबला एरवी परवडली नसती. पैशाने विकत घ्यायची म्हटली असती तर निकोलिचांसारखा माणूस बेलग्रेडच्या आवाक्यात नव्हताच. तो तिथे होता कारण ती शाळा त्याच गावची होती.

आता संघ. गार्ड अलेक्सांदार जॉर्जेविच, सगळे त्याला साशा म्हणत, २४ वर्षांचा, बेलग्रेडचा. त्याचे वडील गावातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी रेड स्टारच्या बास्केटबॉल संघाचे कोच होते, म्हणजे पोरगं शत्रूच्या घरात वाढून पार्तिझानला आलेलं. दुसरा साशा म्हणजे प्रेद्राग दानिलोविच, वय २२, जन्म सारायेवोचा, बास्केटबॉलची सुरुवात बोस्ना क्लबमधून. आत उंचीला झेल्को रेब्राचा, १९ वर्षांचा. सोबत झोरान स्तेवानोविच, स्लाविशा कोप्रिविट्सा, व्लादिमिर द्रागुतिनोविच, निकोला लोंचार, आणि क्रोएशियातल्या रियेकाचा इवो नाकिच. त्या वर्षी रियेकाचा मुलगा बेलग्रेडच्या क्लबमध्ये खेळत राहिला, ही गोष्ट आज वाचताना जितकी साधी वाटते तितकी तेव्हा नव्हती.

अमेरिकन एकही नाही. त्या काळी युरोपातला प्रत्येक बडा संघ दोन परदेशी खेळाडूंवर उभा असायचा. मिलानकडे डॅरिल डॉकिन्स आणि जॉनी रॉजर्स, बोलोन्याकडे बिल वेनिंग्टन, जोव्हेन्तुतकडे कॉर्नी थॉम्पसन आणि हॅरॉल्ड प्रेस्ली. पार्तिझानकडे नव्हता तो परवडत नव्हता म्हणून, आणि बहुधा त्या वर्षी बेलग्रेडला यायलाही कुणी तयार झालं नसतं. यात तत्त्व शोधू नये.

बोलोन्या, म्हणजे खरी कसोटी

उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली दुसऱ्या गटातल्या अव्वल संघाशी, कोच एत्तोरे मेस्सिनाच्या, इटलीच्या क्नोर बोलोन्याशी. तीनपैकी दोन जिंकायचे. पहिला सामना खालच्या क्रमांकाच्या घरी, पुढचे दोन्ही वरच्याच्या. क्रोएशियात जानेवारीत युद्धबंदी झाली होती. 'फिबा'ने या एका सामन्यापुरती बेलग्रेडला परवानगी दिली. त्या अख्ख्या युरोपियन मोहिमेत पार्तिझान पिओनिरमध्ये खेळला तो हा एकच सामना, आणि त्याने तो ७८-६५ असा जिंकला. समोर बोलोन्याच्या जर्सीत युरे झ्दोव्त्स होता. नऊ महिन्यांपूर्वी तो यातल्याच काही जणांच्या संघातून रोममध्ये बाहेर पडला होता.

मग बोलोन्या. दुसरा सामना पार्तिझानने एका गुणाने गमावला, ६०-६१. अशी हार तरुण संघाला खचवते. हातातोंडाशी आलेला घास गेलेला, पुन्हा तिथेच, त्याच प्रेक्षकांसमोर निर्णायक सामना. पार्तिझानने तो ६९-६५ असा काढला.

मालिकेचा निकाल लागला तो शेवटी परक्याच्या मैदानावर. माझ्या मते हंगामभराच्या भटकंतीचा काही फायदा झाला असेल तर तो इथे. जो संघ सहा महिने प्रत्येक सामना पाहुण्यासारखा खेळला, त्याला बोलोन्यात पाहुणा असण्याचं विशेष ओझं वाटलं नसावं. हे सिद्ध करता येणार नाही, पण सामन्याचा रोख तसाच दिसतो.

इस्तंबूल, १६ एप्रिल १९९२

फायनल फोर, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामने, इस्तंबूलच्या अब्दी इपेक्ची हॉलमध्ये होती. चार संघांत पार्तिझान, मिलान, जोव्हेन्तुत आणि एस्तुदियान्तेस. चौघेही एकाच गटातून आलेले! दुसरा गट, ज्यात बोलोन्या, बार्सिलोना, तेल अवीवचा मक्काबी आणि दोन्ही क्रोएशियन क्लब होते, तो साफ झाला. 'काठावर पास'चा अर्थ इथे बदलतो. पार्तिझान चौथा आला होता तो त्या वर्षीच्या सर्वांत अवघड गटात.

उपांत्य सामन्यात त्याने माइक डी'अँटोनीच्या मिलानला ८२-७५ हरवलं. जोव्हेन्तुतने एस्तुदियान्तेसला ९१-६९ असं सहज झोपवलं. या दहा दिवसांत घरी काय चाललं होतं? ६ एप्रिलच्या आसपास सारायेवोचा वेढा सुरू झाला होता. दानिलोविचच्या जन्मगावावर तोफा रोखल्या गेल्या होत्या आणि तो इस्तंबूलमध्ये सामन्याच्या तयारीत होता.

अंतिम सामना कमी गुणांचा आणि घट्ट झाला. दानिलोविचने २५ गुण केले, जॉर्जेविचने २३. ७१ पैकी ४८ गुण दोन साशांचे. समोर लोलो साइन्सचा जोव्हेन्तुत अनुभवी होता : विलाकाम्पा, जोफ्रेसा बंधू, थॉम्पसन, प्रेस्ली. शेवटच्या मिनिटात तोमास जोफ्रेसाने बास्केट केली आणि जोव्हेन्तुत ७०-६८ पुढे गेला. दहाएक सेकंद उरले होते.

इथली कृती जवळून पाहण्यासारखी आहे. पार्तिझानने टाइमआउट घेतला नाही. कोप्रिविट्साने तळरेषेबाहेरून चेंडू झटक्यात आत दिला, जोव्हेन्तुतच्या बचावाला मांडणी करायची संधीच मिळाली नाही. जॉर्जेविच चेंडू घेऊन कडेकडेने पळत सुटला, जोफ्रेसा त्याच्या अंगाला अंग लावून. दोन गुणांनी बरोबरी करून जादा वेळ मिळवायची, हा सुरक्षित मार्ग होता. जॉर्जेविच तीन गुणांच्या रेषेबाहेरच उसळला, धावत्या पायांवरून, शरीराचा तोल पुढे गेलेला, समोर जोफ्रेसाचा हात. चेंडू आत. ७१-७०. उरलेल्या क्षणांत जोव्हेन्तुतला काही करता आलं नाही.

हा फटका युगोस्लाव्ह बास्केटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात जास्त वेळा दाखवला गेलेला असावा. त्याला नशीब म्हणणारेही आहेत. पण टाइमआउट न घेण्याचा निर्णय आणि धावत फेकायचं धाडस, दोन्ही त्या शाळेत शिकवलेल्या गोष्टी. बचाव बसायच्या आत हल्ला करायचा, आणि ज्याच्या हाती चेंडू आहे त्याने कोचकडे पाहत बसायचं नाही. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू मात्र दानिलोविच ठरला, आणि ते योग्यच होतं.

तीन क्लब शेजारी ठेवून

आता मूळ प्रश्नाकडे. स्प्लिटने १९९१च्या पॅरिसनंतर कुकोच आणि सावीच गमावले, त्याआधी राजा आणि माल्कोविच. ला कोरुन्यात उतरला तो विजेत्याच्या नावाचा वेगळाच संघ होता. त्सिबोनाकडून पेत्रोविच जाऊन तीन वर्षं झाली होती, त्याने संघ पुन्हा बांधला होता आणि तो शेवटच्या आठांपर्यंत आला. तिथे त्याला जोव्हेन्तुतने अडवलं. पार्तिझानचेही दिवाच आणि पास्पाल्य गेले होते, पण दोन वर्षं आधी. मधल्या काळात पुढची फळी तयार झाली होती आणि ती अजून विकली गेली नव्हती. परदेशी क्लबांचे डोळे जॉर्जेविच आणि दानिलोविचवर होतेच, फक्त करार व्हायचे होते. गळती तिघांनाही लागली होती. पार्तिझानला ती लागायला एक वर्ष उशीर झाला, एवढाच फरक. जुन्या ठेवीवरचं शेवटचं व्याज हाती पडलं ते असं.

याच्याविरुद्ध एक मुद्दा मांडता येतो आणि तो मी डावलत नाही : त्सिबोना आणि स्प्लिटच्या खेळाडूंच्या गावांवर त्या हिवाळ्यात खरोखर बॉम्ब पडत होते, बेलग्रेडवर नाही. स्प्लिटच्या बंदरावर नोव्हेंबर १९९१मध्ये नौदलाने मारा केला होता. घरच्यांची काळजी घेऊन स्पेनमध्ये खेळणं आणि नुसतं घरापासून लांब खेळणं यांत फरक आहे. तिन्ही क्लबांना एकच अट होती म्हणून त्यांची परिस्थिती तंतोतंत सारखी होती, असं म्हणणं चूक ठरेल. तरीही ज्या त्सिबोनाने याच ओझ्यासकट बाद फेरी गाठली, त्याच्याकडे पाहिलं तर स्प्लिटच्या घसरणीचं मोठं कारण खेळाडूंच्या यादीतच सापडतं.

नंतर

३० मे १९९२ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ७५७ मंजूर केला. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो उरलेल्या नव्या युगोस्लाव्हियावर निर्बंध आले, त्यांत खेळही होते. इस्तंबूलला दीड महिनाही झाला नव्हता. युरोपच्या विजेत्याला किताब राखायची संधीच मिळाली नाही. राष्ट्रीय संघाला बार्सिलोना ऑलिम्पिकचं दार बंद झालं. तिथे अमेरिकेच्या 'ड्रीम टीम'समोर अंतिम सामन्यात उतरला तो क्रोएशिया. पार्तिझान युरोपियन स्पर्धांत परतला तो १९९५-९६ला.

त्या उन्हाळ्यात जॉर्जेविच मिलानला गेला, म्हणजे ज्यांना उपांत्य फेरीत हरवलं त्यांच्याकडे. दानिलोविच बोलोन्याला, ज्यांना उपांत्यपूर्व फेरीत हरवलं त्यांच्याकडे. पार्तिझानचे सामने आता सगळे देशातच, पिओनिरचा हॉल हक्काचा, गर्दी आपली, कोचही ओब्रादोविचच. आणि १९९३ला देशातलीच लीग तो रेड स्टारकडे हरला. १९९४लाही रेड स्टारच जिंकला. ज्याने माणसांसकट, मैदानाविना युरोप जिंकला होता, त्याला मैदानासकट, त्या माणसांविना शहरही राखता आलं नाही.

ओब्रादोविच १९९३ला गेला जोव्हेन्तुतला, ज्यांच्या तोंडचा करंडक त्याने हिसकावला होता, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना युरोपचा विजेता करून ते देणं फेडलं. १९९५ला रेआल माद्रिद. मधल्या १९९३ला माल्कोविचने फ्रान्सच्या लिमोझला जिंकवलं, त्या संघात झ्दोव्त्सही होता आणि अंतिम सामन्यात हरलेल्या त्रेव्हिझोकडे कुकोच होता. १९९६ला पानाथिनाइकोससोबत पुन्हा माल्कोविच, १९९७ला ऑलिम्पियाकोससोबत दुशान इव्कोविच. १९८९पासून १९९७पर्यंत सलग नऊ वर्षं युरोपचा विजेता क्लब कुठलाही असो, बाकावर प्रत्येक वेळी त्याच शाळेतला माणूस बसलेला होता. त्यातले पहिले चार किताब त्यांच्या स्वतःच्या देशातल्या क्लबांना मिळाले, पुढचे पाच फ्रान्स, स्पेन आणि ग्रीसला.

ही साखळी तुटली १९९८ला बार्सिलोनातल्या फायनल फोरमध्ये. पार्तिझान तिथे पोचला होता, १९९२नंतर पहिल्यांदाच. उपांत्य फेरीत समोर मेस्सिनाचं बोलोन्या आलं. सहा वर्षांपूर्वी याच कोचच्या बोलोन्याला पार्तिझानच्या पोरांनी त्यांच्या घरात हरवलं होतं. या खेपेला जिंकलं बोलोन्या, पुढे करंडकही त्यांनीच नेला, आणि त्यांच्या संघाचा आधार होता साशा दानिलोविच. पूर्वाश्रमीच्या युगोस्लाव्हियातल्या एकाही क्लबला १९९२नंतर तो करंडक मिळालेला नाही.